साथ आणि संवाद : मार्टिन कार्थी यांचे गिटारवादन

आपल्याकडे लोकगीतांच्या शब्दांचा जितका विचार झाला, तितका त्यांच्या साथीचा झालेला नाही. साने गुरुजींनी ओव्या जमविल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड सिद्ध केले. हे ऋण फार मोठे आहे. तथापि कागदावर आलेली ओवी आपला गळा आणि जात्याची घरघर मागे ठेवूनच येते. अशा गीताला पुन्हा कंठ द्यावयाचा, तर तो कोणी आणि कोणत्या अधिकाराने द्यावयाचा, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. हाच प्रश्न इंग्लंडातील एका गिटारवादकाने आयुष्यभर वाजवून सोडविण्याचा प्रयत्न केला. म्हणून मार्टिन कार्थी यांच्या कारकीर्दीचा येथे विचार करावयाचा आहे.

कार्थी यांचा जन्म 1941 सालचा, हर्टफर्डशायरमधील हॅटफील्डचा. तरुणपणी त्यांनी सॅम लार्नर या नॉर्फकच्या वृद्ध कोळ्याचे गाणे ऐकले आणि त्यांची दिशा ठरली. लार्नर यांच्या गाण्याला वाद्याची साथ नव्हती. इंग्लंडच्या ग्रामीण गायनाची मुख्य परंपराच एकट्या गळ्याची आहे. तेव्हा गिटार ही या गीतांच्या घरी पाहुणी म्हणून आलेली. पाहुण्याने यजमानाच्या घरात कसे वागावे, हीच कार्थी यांच्या कलेची खरी कसोटी होय.

सामान्य गिटारवादक गाण्याखाली स्वरसंघांची सतरंजी अंथरतो. ही सतरंजी सोयीची खरी, पण तिच्यावर बसविलेले जुने गीत आपला तोल गमावते. कारण ही गीते पुष्कळदा ज्या स्वररचनांत बांधलेली असतात, त्या अर्वाचीन पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या आधीच्या आहेत. ‘स्कारबरो फेअर’ या गीताची चाल घ्या. तिची स्वरसप्तकाची मांडणी आपल्या काफी थाटाशी जुळते. कार्थी यांनी पुढे गिटारच्या तारा नेहमीच्या पद्धतीने न लावता सी, जी, सी, डी, जी, ए अशा लावण्याची रीत स्थिर केली. सी हा षड्ज मानला तर खुल्या तारांत षड्ज, पंचम, ऋषभ, धैवत हे स्वर आहेत, गंधार नाही. गंधार शुद्ध की कोमल हे वाद्य आधी सांगत नाही. तो निर्णय गाण्याकडेच राहतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या वाचकाला यातील मर्म निराळे सांगावयास नको. त्यांचा अंगठा खर्जाच्या तारेवर आघात करतो, आणि बोटे बहुधा गळ्याच्याच चालीने जातात. गिटार येथे गीताला नटवीत नाही, ती त्याचे अन्वयार्थ लावते.

परंतु एकट्याने केलेल्या या वादनास एक मर्यादा आहे. आघात इतका ठाशीव आणि शब्दफेक इतकी तुटक होते, की दीर्घ कथागीतात श्रोत्याला कधी कधी चालीची सलगता हरवल्यासारखी वाटते. ही उणीव भरून निघाली ती डेव्ह स्वारब्रिक यांच्या व्हायोलिनने. 1965 सालच्या कार्थी यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतच ते व्हायोलिन आहे. ‘बायकर हिल’ (1967), ‘बट टू केम बाय’ (1968) आणि ‘प्रिन्स हीदन’ (1969) या मुद्रिकांत ही जोडी पूर्णत्वाला पोहोचली. दोन वाद्ये आणि एक गळा, एवढीच सामग्री. स्वारब्रिक गाण्याच्या मागे मागे चालत नाहीत. ते मध्येच प्रश्न विचारतात, पुढे धावतात, परत येतात. कार्थी त्यांना थांबवीत नाहीत आणि आपली जागाही सोडीत नाहीत. साथ संपून संवाद सुरू होतो तो या ठिकाणी.

1969 साली स्वारब्रिक ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या विजेच्या वाद्यांच्या वृंदात गेले, आणि 1970 मध्ये कार्थीही ‘स्टीलआय स्पॅन’ या तशाच वृंदात दाखल झाले. तेव्हा साध्या गिटारला चिकटून राहणारे ते सनातनी होते, असे म्हणता येणार नाही. वृंदाचा अनुभव घेऊन ते साध्या वाद्याकडे परतले, आणि पुढे स्वारब्रिकसह ‘लाइफ अँड लिंब’ (1990) व ‘स्किन अँड बोन’ (1992) या मुद्रिका निघाल्या. या उत्तरकालीन वादनात वेग कमी आणि विश्वास अधिक आहे. 2016 साली स्वारब्रिक यांच्या निधनाने हा संवाद थांबला.

आता अधिकाराचा प्रश्न. 1960 नंतरच्या दशकात पॉल सायमन यांनी लंडनमध्ये कार्थी यांच्याकडून ‘स्कारबरो फेअर’ उचलले. 1966 मध्ये सायमन आणि गारफंकल यांनी ते ध्वनिमुद्रित केले, ते जगभर गाजले, आणि कार्थी यांचा नामनिर्देश झाला नाही. याउलट बॉब डिलन यांच्या 1963 सालच्या मुद्रिकेच्या वेष्टनावर कार्थी यांचे ऋण नमूद आहे. सायमन यांच्याविषयीचा सल बरीच वर्षे राहिला. अखेर 2000 साली लंडनच्या रंगमंचावर दोघांनी ते गीत एकत्र गाइले. यात कोणाचे चुकले हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. गीत कार्थी यांचेही नव्हते. ते लोकांचे होते. पण त्याला दिलेली गिटारची मांडणी त्यांची होती. परंपरेचे धन सर्वांचे असते, श्रम मात्र ज्याचे त्याचे असतात. धन घेताना श्रमाचे नाव घेणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, ते परंपरेचे आद्य कर्तव्य आहे.

स्वतः कार्थी यांनीही जुन्या संहितांना हात लावला आहे. अमेरिकन पंडित फ्रान्सिस चाइल्ड यांनी संगृहीत केलेल्या 305 कथागीतांपैकी कित्येक त्यांनी पुन्हा बांधली. ‘शिअरवॉटर’ (1972) या मुद्रिकेतील पुरुषवेषधारी स्त्रीची दीर्घ कथा हे त्याचे ठळक उदाहरण. संशोधकाला हे खटकेल, आणि त्याचे खटकणे रास्त आहे. संहितेची शुद्धता ग्रंथात राखलीच पाहिजे. पण गाण्याचे आणि ग्रंथाचे काम एक नव्हे. न गाणे हीच या गीतांची एकमेव हानी, अशी कार्थी यांची धारणा आहे. मूळ पाठ ग्रंथात सुरक्षित असेल, तर या धारणेवर आक्षेप घेण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही.

2025 साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कार्थी यांनी ‘ट्रान्सफॉर्म मी देन इन्टु अ फिश’ ही मुद्रिका प्रसिद्ध केली. तिच्यात पहिल्या मुद्रिकेतील गीते साठ वर्षांनंतर पुन्हा येतात, आणि ‘स्कारबरो फेअर’ला शीमा मुखर्जी यांच्या सतारीची साथ आहे. काफीच्या वळणाची चाल सतारीजवळ आली, हे योग्यच झाले. आवाज थकला आहे, पण अर्थ थकलेला नाही.

आपल्या केंद्रांतील शाळांतून ओव्या आणि भारुडे पाठ्यपुस्तकांतून शिकविली जातात. विद्यार्थी त्यांतील अलंकार ओळखतात आणि गुण मिळवितात. गोव्यात व्हायोलिन आणि गिटार घरोघरी परिचित आहेत, इतरत्र पेटी आहे, टाळ आहेत. दोन विद्यार्थी, दोन वाद्ये आणि आजीकडून मिळालेली एक ओवी, एवढ्या सामग्रीवर वर्गात काय होऊ शकेल, याचा विचार आपण शिक्षकांनी करावयास हवा. फक्त ओवी कोणाकडून मिळाली, ते फळ्यावर आधी लिहावे.