दुरुस्त डिस्क आणि हरवलेला मजकूर : चेकडिस्क, टेस्टडिस्क व फोटोरेक यांचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना

अध्यापकाचे अनेक वर्षांचे लेखन, म्हणजे प्रबंधाची प्रकरणे, क्षेत्रकार्यातील नोंदी, प्रश्नावल्यांची कोष्टके, पुष्कळदा एकाच हार्ड डिस्कवर वा पेन ड्राइव्हवर साठविलेले असते. ती उघडेनाशी झाली की दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू होतो. परंतु डिस्कची दुरुस्ती आणि माहितीची पुनर्प्राप्ती या भिन्न, प्रसंगी परस्परविरोधी क्रिया आहेत. हा भेद दुर्लक्षिला गेल्यास उपाय हा मूळ बिघाडापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. प्रस्तुत लेखात तीन साधनांचे परीक्षण याच भेदाच्या आधारे केले आहे.

रचनेची दुरुस्ती

फॅट पद्धतीच्या डिस्कवरील फाइल पुसली असता निर्देशिकेतील तिच्या नोंदीवर पुसल्याची खूण होते आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदविली जाते. मजकूर मात्र त्या जागी दुसरे लेखन होईपर्यंत शिल्लक असतो. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये आणलेल्या नॉर्टन युटिलिटीजमधील अनइरेज हे साधन याच वस्तुस्थितीवर उभे होते.

विंडोजमधील चेकडिस्कचे उद्दिष्ट वेगळे आहे. निर्देशिकेतील नोंदी व प्रत्यक्ष व्यापलेली जागा यांत सुसंगती आणणे हे त्याचे मुख्य कार्य होय. ज्यांची नोंद सापडत नाही असे तुकडे ते ‘सीएचके’ प्रकारच्या अनामिक फाइलींत ठेवते. ग्रंथालयाची दाखल नोंदवही जुळली म्हणजे गहाळ ग्रंथ परत आला असे होत नाही, तसेच हे आहे. शिवाय दुरुस्तीच्या आज्ञेने चेकडिस्क त्याच डिस्कवर लेखन करते. त्यामुळे उरलेल्या खुणाही बदलण्याचा संभव असतो.

आशयाची पुनर्प्राप्ती

ख्रिस्तोफ ग्रेनिए यांची टेस्टडिस्क व फोटोरेक ही साधने मुक्त स्रोत स्वरूपाची असून विनामूल्य मिळतात. टेस्टडिस्क हरवलेली पार्टिशन शोधून त्यांचा तक्ता पुन्हा लिहू शकते. फोटोरेक फाइल सिस्टिमची नोंद बाजूस ठेवून थेट साठविलेला मजकूर वाचते आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभीच्या ठरावीक चिन्हांवरून ती ओळखते. नाव छायाचित्रांचे असले तरी ते दस्तऐवजही शोधते. मूळ डिस्कवर काहीही न लिहिणे हा त्याचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

त्याच्या मर्यादाही गंभीर आहेत. बहुतांश फाइलींची मूळ नावे आणि फोल्डरची रचना परत मिळत नाही. तुकड्यातुकड्यांत साठविलेली फाइल अपूर्ण येऊ शकते. मराठी अभ्यासकापुढे आणखी एक अडचण उभी राहते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फाइलींत देवनागरी अक्षरे वेगळ्याच संकेतांनी साठविलेली असतात. परिणामी युनिकोडमध्ये मराठी शब्द देऊन शोध घेतला तरी त्या सापडत नाहीत. हजारो अनामिक फाइलींतून स्वतःचे प्रकरण शोधण्यासाठी प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते. आशय परत येतो, त्याची ओळख मात्र परत येत नाही.

एसएसडीमध्ये तर पुनर्प्राप्तीचा पायाच ढासळतो. विंडोज ७ पासून (२००९) अशा डिस्कला ‘ट्रिम’ आज्ञेद्वारे पुसलेली जागा कळविली जाते. ती जागा अंतर्गत प्रक्रियेत रिकामी झाल्यावर कोणतेही सॉफ्टवेअर तेथील मजकूर परत आणू शकत नाही.

निष्कर्ष

या साधनांचा दोष त्यांच्या कार्यात कमी आणि त्यांच्या वापराच्या क्रमात अधिक आहे. बिघाड होताच डिस्कवरील लेखन थांबवावे. प्रथम डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, त्या प्रतिमेवर फोटोरेक चालवावे आणि मजकूर हाती आल्यानंतरच दुरुस्तीचा विचार करावा. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास बिघाड यांत्रिक असण्याची शक्यता असते. अशा वेळी संगणक बंद करून तज्ज्ञाकडे जाणे इष्ट.

दुरुस्तीचे सॉफ्टवेअर यशाचा संदेश देते तेव्हा तो डिस्कच्या सुस्थितीविषयी असतो, प्रबंधाच्या सुरक्षिततेविषयी नव्हे. ती सुरक्षितता स्वतंत्र ठिकाणी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीतच असते, आणि ती प्रत बिघाडापूर्वीच करावी लागते.