'महाराष्ट्राची सून' या बिरुदापलीकडे : महाराष्ट्रात संसार करणाऱ्या अमेरिकन स्त्रिया आणि मराठी समीक्षा

प्रस्तावना

मराठी माणसाने अमेरिकेत जाणे आणि तेथील अनुभव लिहिणे ही परंपरा आता सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील पुस्तक 1889 मध्ये प्रसिद्ध झाले. 1981 मध्ये उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था उभी राहिली. स्थलांतरितांची कथा, प्रवासवर्णने व आत्मकथने यांवर विद्यापीठीय संशोधनही विपुल झाले. मात्र उलट दिशेच्या प्रवासाकडे, म्हणजे अमेरिकेतून येऊन महाराष्ट्रात संसार थाटणाऱ्या आणि येथेच मुले वाढवणाऱ्या व्यक्तींकडे, समीक्षेने स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच पाहिले आहे. अशा व्यक्तींचा उल्लेख होतो तो गौरवाच्या भाषेत. त्यातही स्त्री असेल तर 'महाराष्ट्राची सून' हे बिरुद तयारच असते. हे बिरुद नेमके काय सांगते आणि काय झाकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खानदेशातील वाचकाला 'सून' या शब्दाचे वजन वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. नशिराबादपासून जवळच असलेल्या असोदे येथे जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेत माहेर आणि सासर ही स्त्रीच्या अनुभवाची दोन टोके आहेत. त्यांच्या बाबतीत या दोन टोकांतील अंतर काही मैलांचे होते. हे अंतर मिनियापोलिस ते कासेगाव एवढे झाले, तर सासर-माहेर ही जुनी जोडी अर्थ सांगण्यास पुरते काय, हा येथील मूळ प्रश्न आहे.

कुंपणाच्या आतला संसार

महाराष्ट्रातील अमेरिकन कुटुंबांचा इतिहास अमेरिकन मराठी मिशनपासून सुरू होतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईस पोहोचले. या आरंभीच्या पिढीचा संसार फार महाग पडला. हॉल यांची पत्नी व मुले 1825 मध्ये अमेरिकेस रवाना झाली आणि पुढच्याच वर्षी नाशिक भागातील प्रवासात पटकीने हॉल यांचा मृत्यू झाला. पुढे मिशनचे बंगले, शाळा व दवाखाने उभे राहिले. तरी मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न कायम होता. मुले काही वर्षे येथे वाढत आणि नंतर अमेरिकेत पाठवली जात. मिशनरी कुटुंबांतील मुलांसाठी 1901 मध्ये कोडाईकनाल येथे शाळा निघाली, तिच्यामागे हीच गरज होती.

या व्यवस्थेत घर महाराष्ट्रात होते, परंतु मूल महाराष्ट्रासाठी वाढवले जात नव्हते. अर्थात कुंपण सर्वांसाठी सारखेच बंद नव्हते. रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचा जन्म 1847 मध्ये मुंबईत झाला. अमेरिकेत शिकून 1874 मध्ये ते परतले आणि अहमदनगरला त्यांनी आयुष्य घालवले. जस्टिन अ‍ॅबट यांनी महिपती, एकनाथ, सतराव्या शतकातील संत बहिणाबाई यांचे साहित्य इंग्रजीत नेले. पण हे अपवाद लक्षात घेऊनही असे म्हणावे लागते की, मिशनच्या संसारात स्वयंपाकघर, शाळा आणि नातेसंबंध यांची सूत्रे अमेरिकन कुटुंबाच्याच हाती राहिली. शेजाऱ्याशी संबंध होता. शेजाऱ्याच्या घरातील एक होण्याची वेळ आली नाही.

'कम रेन' : आतून दिसणारे घर

विसाव्या शतकात विवाहाच्या मार्गाने आलेल्या अमेरिकन स्त्रियांनी हे कुंपण ओलांडले. एलिझाबेथ लंडी या क्वेकर पंथीय अमेरिकन तरुणीने 1930 मध्ये विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि त्या कमला निंबकर झाल्या. 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा त्यांनी सुरू केली आणि भारतात या शास्त्राचा पाया घातला. त्यांचे नाव घेताना हे कार्य सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु नाव, भाषा, आहार, पोशाख आणि मुलांचे संगोपन या सर्व पातळ्यांवर त्यांना जे रोजचे काम करावे लागले असेल, त्याला कार्याच्या यादीत स्थान मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर जाई निंबकर यांची 'कम रेन' (1993) ही इंग्रजी कादंबरी महत्त्वाची ठरते. इरावती कर्वे यांची कन्या आणि कमला निंबकर यांची सून असलेल्या या लेखिकेच्या घरात एकीकडे नातेसंबंधांचे समाजशास्त्र होते आणि दुसरीकडे अमेरिकन सासू होती. कादंबरीत अ‍ॅन ही अमेरिकन तरुणी रवी गोगटे याच्याशी विवाह करून भारतात येते आणि त्याच्या कुटुंबात राहू लागते. लेखिकेने स्वतःच्या घरातील स्थिती येथे उलटी करून पाहिली आहे : वास्तवात सासू अमेरिकन होती, कादंबरीत सून अमेरिकन आहे. तथापि, कादंबरीला कौटुंबिक चरित्राची नक्कल समजणे चूक ठरेल. 'पूर्व आणि पश्चिम यांचा संघर्ष' या ठरावीक सूत्रातही ती पूर्णपणे मावत नाही.

अ‍ॅन 'भारतात' येते असे आपण सहज म्हणतो. वास्तविक ती एका विशिष्ट घरात येते. गोगटे हे आडनावच त्या घराचे सामाजिक स्थान सांगते. त्या घराचे सोवळे-ओवळे, बोलण्या-न बोलण्याचे संकेत आणि शिक्षणाविषयीचा अभिमान हे सर्व एका जातीचे व एका वर्गाचे आहे. नवागत स्त्रीला मात्र तेच 'भारतीय' म्हणून शिकवले जाते. परदेशी सून ज्या घराच्या उंबरठ्यातून आत येते, त्या घराच्या जातीतून तिला महाराष्ट्र दिसू लागतो. 'महाराष्ट्राची सून' या बिरुदामुळे नेमकी हीच गोष्ट झाकली जाते, कारण कोणतीही स्त्री सबंध महाराष्ट्राची सून होत नाही. ती एका घराची सून होते.

कासेगाव : प्रश्नामागून आलेले घर

गेल ऑम्वेट यांचे उदाहरण हा निष्कर्ष तपासून पाहण्यास उपयुक्त आहे. 1941 मध्ये मिनियापोलिस येथे जन्मलेल्या ऑम्वेट यांनी 1873 ते 1930 या काळातील पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कली येथे 1973 मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यानंतर भारत पाटणकर यांच्याशी विवाह करून त्या सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे स्थायिक झाल्या. 1983 मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. येथे क्रम उलटा आहे. त्यांचा अभ्यासाचा प्रश्न आधी ठरला होता. घर त्या प्रश्नामागून आले. घर दृष्टी देते हे खरे, पण कोणत्या घरात शिरायचे याची निवडही आधीची दृष्टी करू शकते.

या घरातील सासू इंदुताई पाटणकर 1942 च्या भूमिगत लढ्यातून आलेल्या होत्या. सांगली परिसरात परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर जी स्त्रीमुक्ती चळवळ उभी राहिली, तिच्यात या सासू-सुना दोघींचा सहभाग होता. सासरने टाकलेल्या स्त्रियांसाठी सासू आणि सून एकत्र लढतात, तेव्हा 'सून' या शब्दाचा अर्थच पालटतो. ऑम्वेट यांना केवळ आदर्श सून म्हणून गौरवणे म्हणजे त्यांनी ज्या व्यवस्थेची चिकित्सा केली, तिच्याच चौकटीत त्यांना पुन्हा बसवणे होय.

तथापि, येथे एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. 'वुई विल स्मॅश धिस प्रिझन' (1980) या स्त्रीचळवळीवरील पुस्तकात ऑम्वेट यांचा प्रत्यक्ष वावर जाणवतो. पण नंतरच्या जातिविषयक व बौद्ध धर्मविषयक ग्रंथांत लेखिकेचे घर जवळजवळ अदृश्य आहे. खेड्यात मूल वाढवताना, दोन भाषांत आई होताना ज्ञानाची जी घडण होते, ती त्यांच्या विद्वत्तेच्या मुख्य प्रवाहात आली नाही. संशोधनाच्या वस्तुनिष्ठतेसाठी खाजगी आयुष्य बाजूला ठेवण्याचा संकेत यामागे असावा. परंतु त्यामुळे दैनंदिन अनुभव सांगण्याचे काम कादंबरीवर पडले आणि सिद्धान्त मांडण्याचे काम ग्रंथांवर. दोहोंमधील दरी तशीच राहिली.

भाषा हाच संसार

तिसरा मार्ग फलटणचा आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1973 मध्ये प्रबंध सादर केला. जाई निंबकर यांच्या सहकार्याने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली. 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झाले. येथे विवाहाचा उंबरठा नाही, म्हणून 'सून' हे बिरुदही लागू पडत नाही. कदाचित त्यामुळेच एक गोष्ट स्पष्ट दिसते : परक्या प्रदेशात रुजण्याचा कस मुलांच्या भाषेत लागतो. मिशनच्या कुटुंबाने मुलांसाठी दूर डोंगरावर इंग्रजी शाळा काढली; बर्नसन यांनी गावातल्या मुलांसाठी गावातच मराठी माध्यमाची शाळा काढली. याच शाळेला एका अमेरिकन स्त्रीचे मराठी झालेले नाव आहे.

निष्कर्ष

परदेशी व्यक्तीच्या लेखनाची समीक्षा करताना केवळ तिचा त्याग किंवा तिची समरसता मोजणे अपुरे आहे. ती कोणत्या घरातून, कोणत्या भाषेतून आणि कोणत्या जातीच्या शेजारातून पाहते, हे विचारले पाहिजे. गौरवाचे बिरुद हा प्रश्न टाळण्याचा सोपा मार्ग असतो.

खानदेशातील अभ्यासकांवर याबाबत विशेष जबाबदारी येते. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात 1972 मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना आणि तेथील आदिवासी शेतमजूर स्त्रिया यांच्या लढ्याची दखल बाहेरून आलेल्या अभ्यासकांनीही घेतली. त्या लेखनाकडे आपण आजवर माहितीचे साधन म्हणून पाहिले. लिहिणारी स्त्री कोणत्या घरी उतरली, तिच्याशी कोण कोणत्या बोलीत बोलले, अहिराणी वा भिली तिच्या कानावर पडली ती मूळ रूपात की दुभाष्याच्या मराठीत, हे प्रश्न त्या लेखनाला विचारता येतील. आणि ते विचारताना समीक्षकालाही स्वतःचा उंबरठा तपासावा लागेल, कारण पाहुणीला घर दाखवणारा यजमान कोणती खोली दाखवतो आणि कोणत्या खोलीचे दार लोटून घेतो, यावरच तिच्या पुस्तकातील महाराष्ट्र ठरत आलेला आहे.