आशीर्वाद मिळाला, पण गाणं कसं होतं?

ख्रिस्ती गायक-गीतकाराचा नवा मराठी अल्बम आला की आपल्याकडे एकच अभिप्राय ऐकू येतो, 'फार आशीर्वाद मिळाला!' बरं. पण शब्द चालीत बसले का? ते कोणी विचारत नाही. भक्तीच्या गाण्यात खोट कशी काढायची, हा संकोच.

ना. वा. टिळकांचं बघा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही. वारकऱ्याला ती चाल शिकवावी लागत नव्हती. १९०७ साली इथे जळगावला कविसंमेलन भरलं, आपल्या धरणगावचे ठोंबरे 'बालकवी' झाले ते तिथेच. टिळकही होते. म्हणजे त्यांची कविता चर्चबाहेरच्या कवींच्या कानावरून जात होती, आणि ते कान काही भोळे नव्हते! पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. स्वतंत्र कलाकार म्हणतात तो असा.

आजच्या पोरांकडे आवाज आहे, रेकॉर्डिंगही स्वच्छ असतं. पदरचे पैसे घालतात, त्याचं मोल आहेच. पण बऱ्याचदा चाल आधी हिंदी-इंग्रजीतून येते, मराठी शब्द मागून कोंबले जातात. ऱ्हस्व अक्षर उगाच लांबतं. देवाच्या सान्निध्याला 'उपस्थिती' म्हणतात. मला तर शाळेचा हजेरीपट आठवतो. आणि घरात अहिराणी बोलणारा गायक गाताना अहिराणीला दाराबाहेर का ठेवतो?

हे गायकाला तोंडावर सांगा. त्यानं पुढचा अल्बम करायला घेण्याआधी.