विद्यार्थ्यांचे निबंध आणि उसनीं मतें

विद्यार्थ्यांनीं वाङ्मयावर लिहिलेले निबंध वाचतांना एक गोष्ट आम्हांस वारंवार खटकते. निबंधांत आधार पुष्कळ असतात. परंतु ज्या ग्रंथाविषयीं निबंध लिहावयाचा, तो ग्रंथ मात्र त्यांत क्वचितच भेटतो.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीचेंच उदाहरण घेऊं. १८९० सालीं निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकांतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास संमतिवयाचा वाद पेटला होता, व १८९१ सालीं तो कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत एवढें सांपडलें, कीं त्या वादांतूनच ही कादंबरी जन्मास आली, असें विद्यार्थी लिहून मोकळा होतो. परंतु या आधारानें सिद्ध होतें तें इतकेंच, कीं दोन्ही गोष्टी समकालीन होत्या. त्या कायद्यानें संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली; विधवेच्या केशवपनाशीं त्याचा संबंध नव्हता. आणि यमूच्या कहाणींतील अत्यंत दारुण प्रसंग तर तोच आहे!

मग ऐतिहासिक साधनें टाकून द्यावयाचीं काय? मुळींच नाहीं. विधवांच्या पुनर्विवाहास १८५६ च्या कायद्यानेंच मान्यता मिळाली होती, ही माहिती या कादंबरीच्या वाचकास फार मोलाची आहे. कारण ती हातीं असली म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो : जिला सरकार पुनर्विवाहाची मोकळीक देतें, तिला स्वतःच्या डोक्यावरील केसही राखतां येऊं नयेत, हें कसें? याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नाहीं; तें कर्त्या पुरुषांच्या घरांतील सत्तेंत आहे, आणि तें शोधण्यास कादंबरीचींच पानें उलटावीं लागतात. साधनानें प्रश्न द्यावा, उत्तर ग्रंथानें द्यावें.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. ही कथा यमू स्वतः सांगते. तिचीं वाक्यें ‘हरिभाऊ म्हणतात’ असें म्हणून उतरून घेतलीं, कीं बोलणारी मुलगीच नाहींशी होते. ज्या रूढींत ती वाढली, त्यांतील कोणत्या तिला सलतात आणि कोणत्या ती निमूटपणें पत्करते, हा भेद टिपणें हेंच खरें रसग्रहण. तो भेद तयार टिपणांत मिळत नाहीं.

टीकाकारांचे ग्रंथ अवश्य वाचावे. ज्याचें मत घेतलें त्याचें नांवही प्रामाणिकपणें सांगावें. मात्र टीकाकारास साक्षीदार म्हणून बोलवावें, न्यायाधीश म्हणून नव्हे. नांव दिल्यानें चोरी टळते, पण विचार करण्याचें काम टळत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं जे पालक आहेत, त्यांनीं मुलाचा निबंध हातीं आल्यावर त्यांतील भाषेचें कौतुक करण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें : बाळ, हें तुला ग्रंथाच्या कोणत्या पानावर दिसलें?