‘इन्टू थिन एअर’: डोळ्यांनी पाहिलं म्हणजे पुरावा झाला का?

संशोधन पद्धतीची पुस्तकं तुम्ही वाचालच. त्यांच्या जोडीला आज एक गिर्यारोहणाचं पुस्तक सुचवतो: जॉन क्राकॉरचं ‘इन्टू थिन एअर’ (१९९७). लोक ते साहसकथा म्हणून वाचतात. तुम्ही ते साक्षीपुराव्याचं पुस्तक म्हणून वाचून बघा.

आधी घटना. १० मे १९९६ रोजी रॉब हॉल आणि स्कॉट फिशर यांच्या व्यावसायिक मोहिमा नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टवर चढल्या. उतरताना वादळाने गाठलं. डोंगराच्या दोन्ही बाजूंचे मिळून आठ जण गेले. त्यात हॉल आणि फिशर होते, तसेच तिबेटच्या बाजूने चढणारे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघेही होते. क्राकॉर ‘आउटसाइड’ मासिकासाठी लिहायला हॉलच्या तुकडीत गेला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर, सहभागी निरीक्षक.

आता मुद्द्याचं. साउथ कोलवरच्या तंबूंच्या थोडं वर क्राकॉरला एक गिर्यारोहक भेटला. हा आपल्याच तुकडीचा मार्गदर्शक अँडी हॅरिस, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तो माणूस बर्फावरून घसरत खाली गेला, उठला आणि तंबूंकडे चालू लागला, हेही त्याने पाहिलं. पुढे हॅरिस बेपत्ता आहे असं कळलं. क्राकॉरने निष्कर्ष काढला की तो तंबूंपाशी येऊन वाट चुकला आणि कड्यावरून पडला. तो हेच सांगत राहिला, मासिकातल्या लेखातही हेच छापून आलं.

सुमारे दोन महिन्यांनी फिशरच्या तुकडीतल्या मार्टिन अ‍ॅडम्सशी बोलताना दोघांच्या आठवणी एकमेकींत बसू लागल्या. भेटलेला माणूस अ‍ॅडम्स होता! हॅरिस खाली आलाच नव्हता. बाकीचे दुवे सांगत होते की तो हॉलच्या मदतीला पुन्हा वर गेला असावा.

विचार करा. हॅरिसच्या घरच्यांनी दोन महिने एका चुकीच्या मृत्यूचं दुःख केलं.

असं का झालं? साउथ कोल सुमारे ७,९०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ४० टक्क्यांहूनही कमी असतो. दमलेल्या मेंदूने समोरच्या चेहऱ्याला एक नाव देऊन टाकलं. लक्षात घ्या, क्राकॉरच्या आठवणीत कुठे कोरी जागा नव्हती. चुकीची आठवणसुद्धा खऱ्या आठवणीइतकीच ठाम असते. आपण मुलाखती घेतो तेव्हा ‘मी स्वतः पाहिलंय’ हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवतो. खरं तर तिथूनच पुढचे प्रश्न विचारायला हवेत.

क्राकॉरने ही चूक तळटीपेत लपवली नाही, पुस्तकाच्या गाभ्यात मांडली. माझ्या मते पुस्तकाचं खरं बळ तेच.

पण माझी तक्रारही इथेच आहे. स्वतःच्या स्मृतीवर घेतलेला संशय तो इतरांच्या बाबतीत पुरेसा वापरत नाही. फिशरचा मार्गदर्शक अनातोली बुक्रीव जोडप्राणवायूशिवाय चढला आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या आधी खाली उतरला, यावर क्राकॉर कडक टीका करतो. त्याच रात्री बुक्रीवने एकट्याने वादळात जाऊन तिघांना तंबूत आणलं, हेही तो सांगतो. पण लवकर उतरणं ही फिशरशी ठरलेली योजना होती का? बुक्रीवच्या ‘द क्लाइंब’मध्ये उत्तर ‘हो’ आहे. फिशर तर डोंगरावरच राहिला. अशा ठिकाणी निवाडा देण्यापेक्षा ‘इथे पुरावा संपतो’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक ठरलं असतं. फिशरचा सरदार लोपसांग जांगबू शेर्पा याच्यावरही टीका आहे. तो सप्टेंबर १९९६ मध्ये एव्हरेस्टवरच हिमप्रपातात गेला, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा उत्तर द्यायला नव्हताच. बुक्रीवही १९९७ च्या नाताळात अन्नपूर्णेवर गेला.

म्हणून ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. वहीत तीन रकाने आखा: लेखकाने पाहिलं, ऐकलं, ताडलं. प्रत्येक ठाम वाक्य कुठल्या रकान्यात जातं ते बघा. मग तोच कागद स्वतःच्या पहिल्या प्रकरणावर ठेवा. मी ठेवला होता. मधला आणि शेवटचा रकाना भरून वाहत होता. पहिल्यात जेमतेम चार ओळी होत्या.