अंतराळयानाला विमानाची दांडी : अंतराळ-सिम्युलेटर खेळांतील नियंत्रणरचनेची एक समीक्षा

प्रस्तावना :

संगणकीय खेळांचा विचार करताना आपल्याकडे प्रामुख्याने चित्रांकन, कथानक आणि खेळाचे मुलांवर होणारे परिणाम या तीन अंगांनीच चर्चा होते. खेळणाऱ्याचा हात कोणत्या साधनावर असतो आणि त्या साधनाची कोणती हालचाल पडद्यावरील कोणत्या क्रियेशी जोडलेली असते, हा प्रश्न तांत्रिक समजून बाजूला ठेवला जातो. वास्तविक पाहता कादंबरीत जे स्थान निवेदनाचे, तेच खेळात नियंत्रणरचनेचे असते. वाचकाला कथा निवेदनातूनच कळते. त्याचप्रमाणे खेळणाऱ्याला खेळातील जग त्याच्या हाताला मिळणाऱ्या प्रतिसादातूनच कळते. प्रस्तुत लेखात अंतराळ-सिम्युलेटर या खेळप्रकारात उड्डाणदांडी (जॉयस्टिक) आणि थ्रॉटल यांची जुळणी कशी केली जाते, त्या जुळणीतून अवकाशाविषयी कोणती कल्पना गृहीत धरली जाते आणि ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी ‘एलिट’ (१९८४), ‘फ्रंटियर : एलिट टू’ (१९९३), ‘एलिट डेंजरस’ (२०१४) आणि ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ (पहिली सार्वजनिक आवृत्ती २०११) हे खेळ आधारासाठी घेतले आहेत.

साधनाचा वारसा :

दांडी आणि थ्रॉटल ही जोडी लढाऊ विमानाच्या कक्षातून आलेली आहे. उजव्या हातात दांडी, डाव्या हातात थ्रॉटल आणि दोन्ही हात न उचलता बोटांशी असलेली बटणे दाबता यावीत, अशी ही रचना होय. विमानाला ती शोभते, कारण विमान हवेत उडते. थ्रॉटल पुढे नेला की इंजिनाचा रेटा वाढतो, वेग वाढतो, वेगासोबत हवेचा विरोध वाढतो आणि रेटा व विरोध समान झाले की वेग स्थिर होतो. म्हणून थ्रॉटलच्या प्रत्येक स्थानाला एक ठरावीक वेग आहे, असे वैमानिकाच्या हाताला जाणवते.

अवकाशात हवेचा विरोध नाही. तेथे थ्रॉटल अर्ध्यावर ठेवला तर वेग अर्धा राहत नाही, तो वाढतच जातो. समजा एखाद्या यानाचे त्वरण दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद आहे. २० सेकंद इंजिन चालवल्यास यानाचा वेग १०० मीटर प्रति सेकंद होईल आणि तोवर ते १,००० मीटर पुढे गेलेले असेल. आता थ्रॉटल शून्यावर आणला तरी यान थांबणार नाही. ते त्याच वेगाने जात राहील. थांबण्यासाठी यानाचे तोंड उलट फिरवून पुन्हा २० सेकंद इंजिन चालवावे लागेल आणि त्यात आणखी १,००० मीटर खर्ची पडतील. न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण त्याचा अनुभव घेण्याची सोय भूतलावर नसते, कारण येथे घर्षण सुटत नाही. अंतराळ-सिम्युलेटर हा अनुभव देऊ शकतो. तो खरोखर देतो का, हाच या समीक्षेचा कळीचा मुद्दा आहे.

प्रत्यक्ष अंतराळयानांची उदाहरणे :

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले दोन भारतीय अवकाशात गेले आहेत. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोयूझ टी-११ या यानातून गेले आणि शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ड्रॅगन यानातून गेले. दोघेही लढाऊ विमानांचे वैमानिक. विमानातील दांडी आणि थ्रॉटल त्यांच्या हातवळणीच्या होत्या. परंतु त्यांना घेऊन गेलेल्या यानांत ही जोडी नव्हती. सोयूझमध्ये हाताने नियंत्रण करावयाचे झाल्यास दोन मुठी असतात. डावी मूठ यान सरकवण्यासाठी, उजवी मूठ यान वळवण्यासाठी. अमेरिकेच्या अपोलो यानांत आणि स्पेस शटलमध्येही हीच विभागणी होती. ड्रॅगनमध्ये तर मुठीही नाहीत, स्पर्शपटल आहे.

या विभागणीमागे भूमितीचे कारण आहे. मुक्त अवकाशातील वस्तूला सहा स्वतंत्र हालचाली असतात. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली सरकणे या तीन, तर नाक वर-खाली करणे (पिच), नाक डावी-उजवीकडे फिरवणे (यॉ) आणि कुशीवर वळणे (रोल) या आणखी तीन. ‘सरकणे’ आणि ‘वळणे’ यांचा एकमेकांशी संबंध नसतो, म्हणून दोन हातांना दोन वेगळी कामे दिलेली असतात. याउलट पीळ देता येणारी दांडी आणि थ्रॉटल यांच्या जोडीत वळण्याच्या तीन हालचाली दांडीवर जातात, पुढे जाण्याची एक थ्रॉटलवर जाते आणि आडवे सरकणे व वर-खाली सरकणे या दोन हालचालींना जागाच उरत नाही. बहुतेक खेळाडू त्यांना अंगठ्याजवळच्या चौदिशा बटणावर, म्हणजे ‘हॅट’वर टाकतात. हॅट हे केवळ चालू-बंद बटण आहे, त्याला कमी-जास्त कळत नाही. त्यामुळे अवकाशाचे जे खास वैशिष्ट्य, तेच हाताला सर्वांत ओबडधोबड रूपात मिळते.

खेळांनी स्वीकारलेले मार्ग :

राकेश शर्मा अवकाशात गेले त्याच वर्षी डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा ‘एलिट’ हा खेळ बीबीसी मायक्रो या संगणकावर आला. त्यात पिच, रोल आणि वेग एवढ्याच गोष्टी खेळाडूच्या हाती होत्या. यॉ नव्हता, आडवे सरकणे नव्हते आणि यान नेहमी नाकाच्या दिशेनेच जाई. तत्कालीन संगणकाची मर्यादा लक्षात घेता ही सुलभता समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यामुळे अवकाशातील विमान ही प्रतिमा या खेळप्रकारात दृढ झाली.

‘फ्रंटियर’ने १९९३ मध्ये न्यूटनचे नियम प्रामाणिकपणे स्वीकारले. परिणामी लढाईचे स्वरूप बदलले. दोन याने प्रचंड वेगाने एकमेकांना ओलांडून जात, मग दोघांनाही वळून परत यावे लागे. पुष्कळ खेळाडूंना हे रुचले नाही. या अनुभवानंतर ‘एलिट डेंजरस’ने मध्यममार्ग काढला. त्यात ‘फ्लाइट असिस्ट’ नावाची सोय आहे. ती चालू असताना थ्रॉटल रेटा न दाखवता अपेक्षित वेग दाखवतो आणि तो वेग राखण्यासाठी लागणारा रेटा यानाचा संगणक ठरवतो.

ही कल्पना लोहारा परिसरातील वाचकाला परकी नाही. सोयाबीन-तुरीच्या शिवारात ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी रेसची हातदांडी एका जागी ठेवून देतो. नांगर कठीण जमिनीत अडला की इंजिनाचा गव्हर्नर आपोआप जास्त डिझेल सोडतो आणि इंजिनाचे फेरे शक्यतो कायम ठेवतो. दांडी किती डिझेल जाते ते सांगत नाही, किती फेरे हवेत ते सांगते. फ्लाइट असिस्ट हा अंतराळयानाचा गव्हर्नर होय. ट्रॅक्टरवाल्याला गव्हर्नर आहे हे ठाऊक असते. फ्लाइट असिस्टविषयी माहिती नसलेल्या नवख्या खेळाडूची मात्र अवकाशातही थ्रॉटल मागे घेतला की यान थांबते, अशी समजूत होते.

येथे ‘एलिट डेंजरस’वर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, त्यात यॉची गती मुद्दाम मंद ठेवलेली आहे, जेणेकरून खेळाडूने विमानाप्रमाणे आधी कूस वळवावी आणि मग नाक उचलावे. तसेच असिस्ट चालू असताना मधल्या वेगपट्ट्यातच यान सर्वांत चपळ वळते. हवेतील विमानाला असा वेग असतो, निर्वात पोकळीत त्याला भौतिक आधार नाही. दुसरा आक्षेप असा की, असिस्ट बंद केल्यावर यान न्यूटनप्रमाणे वाहत राहते खरे, पण त्याला एक कमाल वेगमर्यादा राहतेच. लढाई खेळण्याजोगी ठेवण्यासाठी हे आवश्यक होते, हे मान्य करूनही त्यास वास्तवाचे अनुरूपण म्हणता येणार नाही. याबाबतीत ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ अधिक प्रांजळ आहे. तेथे इंजिन बंद केले तरी यान कक्षेत फिरत राहते आणि थ्रॉटल हा रेटाच असतो.

जुळणी : खेळाडूचे अर्थनिर्णयन :

असे असले तरी ‘एलिट डेंजरस’चे एक मोठे श्रेय नाकारता येत नाही. त्याने निर्णय खेळाडूच्या हाती ठेवला आहे. प्रत्येक अक्ष, प्रत्येक बटण आणि प्रत्येक मृतपट्टा (डेड झोन) बदलता येतो. अनेक प्रचलित साधनांसाठी तयार जुळण्याही खेळात दिलेल्या आहेत. बहुसंख्य खेळाडू त्या तशाच स्वीकारतात आणि विमानाचा वारसाही नकळत स्वीकारतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तयार जुळणी ही मार्गदर्शिकेसारखी मानावी. तिने सुरुवात करावी, तिच्यावर थांबू नये.

विचारपूर्वक केलेल्या जुळणीत पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात. फ्लाइट असिस्टचे बटण सहज बोट पोहोचेल अशा जागी असावे, कारण ते बंद करणे हीच अवकाशात शिरण्याची खरी पायरी आहे. सरकण्याच्या दोन हालचाली शक्यतो हॅटऐवजी कमी-जास्त ओळखणाऱ्या छोट्या दांडीवर द्याव्यात. फिरत्या स्थानकाच्या अरुंद दारातून शिरताना याचे महत्त्व कळते. थ्रॉटलचा पूर्ण पल्ला केवळ पुढे जाण्यासाठी वापरावा, की मध्यबिंदू शून्य मानून अर्धा पल्ला मागे जाण्यासाठी द्यावा, हा पर्याय खेळात उपलब्ध आहे. पहिल्यात सूक्ष्मता अधिक, दुसऱ्यात उलट रेटा तत्काळ हाती. मृतपट्टा लागेल तेवढाच ठेवावा. तो दहा टक्के ठेवला तर दांडीची पहिली दशांश हालचाल वाया जाते आणि नेमका नाजूक भाग हरवतो.

मृतपट्ट्याची गरज साधनाच्या घडणीवर अवलंबून असते. स्वस्त दांड्यांमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. त्यात एक स्पर्शक पट्टीवर घासत फिरतो. झीज आणि धूळ यांमुळे संकेत थरथरू लागतो आणि हात न लावताही यान वळू लागते. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ घरात शिरणाऱ्या आपल्या भागात ही अडचण नित्याची ठरेल. चुंबकीय (हॉल) संवेदक असलेल्या दांडीत घर्षण नसल्याने ती अधिक टिकते. डावखुऱ्या व्यक्तीचा विचारही आवश्यक आहे. एकाच हाताच्या आकारात घडवलेली मूठ तिला बाहेर ठेवते, तर दोन्ही हातांना चालणारी मूठ असलेल्या काही दांड्या बाजारात मिळतात. दोन अशा दांड्या घेऊन डावीवर सरकणे आणि उजवीवर वळणे ठेवले, तर सोयूझ व अपोलोमधील विभागणीच घरात उभी राहते. थ्रॉटल तेथे अनावश्यक ठरतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अंतराळ-सिम्युलेटरमधील दांडी व थ्रॉटल यांची रूढ जुळणी तटस्थ नाही. हवेतील उड्डाणाची गृहीतके ती अवकाशात आणते.

२. खेळाची वास्तवता केवळ त्याच्या गणितात नसते. ते गणित हाताला जाणवेल अशी जुळणी नसेल, तर बरोबर गणितही खेळाडूपर्यंत पोहोचत नाही.

३. फ्लाइट असिस्टसारखी सोय नवशिक्यास उपकारक आहे. तथापि ती सोय आहे, निसर्गनियम नाही, हे खेळाने आणि शिक्षकाने स्पष्ट सांगणे गरजेचे आहे.

४. समीक्षकाने खेळाचे मूल्यमापन करताना आपण कोणत्या साधनावर आणि कोणत्या जुळणीने खेळलो, हे नमूद करावे. त्याविना मूल्यमापन अपुरे राहते.

तालुक्याच्या महाविद्यालयात महागडी साधने उपलब्ध होणे अवघड आहे. परंतु वरील विचारास महाग साधन लागत नाही. साध्या कळफलकावरही असिस्ट बंद करता येतो आणि यान वाहत राहिलेले पाहता येते. भौतिकशास्त्राच्या वर्गात पहिला नियम शिकवल्यानंतर हा दहा मिनिटांचा प्रयोग करून घेतल्यास, थांबण्यासाठीही रेटा लागतो ही गोष्ट विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी समजेल.