चोराचा शब्द प्रमाण मानावा का?

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. आज त्याच विषयासाठी आम्ही हाँगकाँगचा एक विनोदी मारधाडपट घेतला, म्हणून काहींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

'एसेस गो प्लेसेस' या कँटनीज चित्रपटाचा हा दुसरा भाग, १९८३ सालचा. दिग्दर्शक एरिक त्सांग. सॅम हुई झालाय किंग काँग नावाचा चोर आणि कार्ल माका झालाय आल्बर्ट, अमेरिकेहून आलेला टकलू पोलीस. १९८२च्या पहिल्या भागात हिरे शोधण्यासाठी या दोघांना एकमेकांची गरज पडते. सौदा गरजेचा, म्हणून भांडणं खरी आणि हसूही खरं.

दुसऱ्या भागाची पंचाईत ही की जोडी आता जमलेली आहे. मग भांडायचं कशावरून? इथे पटकथेने एक फार चांगली जागा शोधली. किंग काँग एका तरुणीच्या जाळ्यात सापडतो आणि त्याच्यावर दरोड्याचा आळ येतो. एकेकाळचा चोर, पुन्हा चोरीचा आरोप आणि जिवलग मित्र पोलीस! त्यात आल्बर्टचं लग्नही ठरलंय, तेही पोलीस अधिकारी नॅन्सीशी.

आता बघा, नैयायिक काय म्हणेल? 'हा पूर्वी चोर होता, म्हणून आताही यानेच चोरी केली', हे अनुमान टिकत नाही. हेतू सव्यभिचार आहे. चोरी सोडलेले चोर जगात असतात. पण अनुमान पाडलं म्हणजे मित्र निर्दोष ठरला असं नव्हे. उरतो फक्त त्याचा शब्द. वात्स्यायनाने आप्ताचं लक्षण सांगताना ते ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू केलंय. वस्तू जशी पाहिली तशी सांगण्याची इच्छा असली की झालं. कुळ आणि पूर्वचरित्र तो विचारत नाही. आम्ही इतकी वर्षं वर्गात आप्त शिकवला, उदाहरणं दिली ती ऋषीची आणि वैद्याची. चोराचं एकदाही सुचलं नाही. ते सुचलं हा सिनेमा बघताना, आणि थोडी लाजही वाटली.

सिनेमा मात्र या जागेवर थांबत नाही. आमची तक्रार इथे आहे. विश्वास ठेवायचा की पुरावा बघायचा, या प्रश्नावर आल्बर्टला निवांत दोन मिनिटं द्यायला हवी होती. त्याऐवजी आपल्याला मिळतात यंत्रमानवांच्या मारामाऱ्या आणि 'डर्टी हॅरी'ची नक्कल करणारा मारेकरी. मारामाऱ्या गमतीच्या आहेत, नाकारत नाही. यंत्रमानवांना आम्हीही मनसोक्त हसलो. मूळ चिनी शीर्षकातच याची कबुली आहे म्हणा ना. पहिल्या भागाच्या नावाचा अर्थ 'सर्वोत्तम जोडीदार' एवढाच. दुसऱ्यात त्याला शेपूट जोडलं, जोडीदार आपली 'शन्‌थोंग' दाखवतात असं. चिनी बौद्ध ग्रंथांत हा शब्द अभिज्ञेसाठी, म्हणजे आपण ज्यांना सिद्धी म्हणतो त्यांच्यासाठी येतो. योगशास्त्र सिद्धींना समाधीतलं विघ्न मानतं. इथे त्या मैत्रीच्या आड आल्या.

तरी जोडी तुटत नाही, याचं मोठं श्रेय सॅम हुईला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगच्या पडद्यावर मँडरिनचं राज्य होतं, कँटनीज चित्रपट जवळजवळ बंदच पडले होते. रस्त्यावरची बोली पडद्यावर आणि गाण्यांत परत आणणाऱ्यांत हुई बंधू आघाडीवर. सबटायटलमधून आपल्याला त्यातलं निम्मंच कळतं. पण आल्बर्ट किंग काँगवर खेकसतो तो सूर ऐका. परक्यावर कोणी असं खेकसत नाही.

पुढच्याच वर्षी तिसरा भाग आला, त्सुई हार्कने केलेला. त्यात एक तोतया जेम्स बाँड किंग काँगला फसवून चोरी करायला लावतो. म्हणजे आता चोरी खरोखरच त्याच्या हातून होते, आणि मित्र अजून पोलिसातच आहे. तिथे शब्दप्रमाणाचं काय होतं, ते पुढच्या वेळी बघू.